पुण्यात आले आणि 5 महिन्यांत 6 किलो वाढले, माझा अनुभव

मी लातूर जिल्ह्यातल्या औशाजवळच्या एका गावातली. मागच्या जुलैत एफवायला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, पुण्यात आले, सदाशिव पेठेत आम्ही तिघींनी मिळून रूम घेतली. कॉलेज चालत 7 मिनिटांवर, मेस खालच्याच गल्लीत, झेरॉक्स, मेडिकल, चहाची टपरी सगळं पायाशी. घरचे पण खूश, पोरीला लांब जायला नको म्हणून. ॲडमिशनच्या वेळी मेडिकल सर्टिफिकेट लागलं होतं त्यावर वजन 52 किलो लिहिलेलं आहे, तो कागद अजून फाईलमध्ये आहे म्हणून हा आकडा पक्का माहितीये.

दिवाळीला घरी गेले तर आजी गालावरून हात फिरवून म्हणली, "अंग धरलंस गं, पुण्याचं पाणी मानवलं तुला." मला बरंच वाटलं. पण जुना पंजाबी ड्रेस घालायला घेतला तर दंडात अडकला आणि आईने काही न बोलता दोन्ही बाजूच्या शिलाया उसवून दिल्या. आईचं ते गप्प राहणं मला जास्त लागलं. पुण्यात परत आल्यावरही महिनाभर वजन करायचं टाळलं, शेवटी डिसेंबरात मेडिकलवाल्याच्या काट्यावर उभी राहिले तर 58.

मग मी जे केलं ते तुमच्यापैकी कोणी करू नका म्हणूनच हे एवढं सविस्तर लिहितेय. एका जिमची 3 महिन्यांची फी एकदम भरली, पहिल्याच आठवड्यात तिथल्या ट्रेनरने इतकं करून घेतलं की जिना उतरता येईना, 9 दिवस गेले आणि बंद केलं, पैसे गेले ते गेलेच. आणि त्याच्या जोडीला मेसमध्ये रात्रीचा खाडा लावला, म्हणजे रात्री जेवणच नाही. दुपारी एक वाजता जेवलेलं, रात्री अकराला पोटात नुसता खड्डा, अभ्यास होईना, मग रूमवरच्या इंडक्शनवर मॅगी, नाहीतर क्रीमरोल, नाहीतर घरून आलेला चिवडा डबा संपेपर्यंत. सकाळी उठायला उशीर, नाष्टा नाही, पहिल्या लेक्चरला डोकं दुखायचं, त्याच्यावर चहा. असं साधारण महिनाभर चाललं. वजन एक किलोसुद्धा कमी झालं नाही, उलट पाळी 20 दिवस पुढं गेली आणि केस विंचरताना हातात केसांचा पुंजका यायला लागला.

आईला फोनवर रडतच सांगितलं. ती म्हणली, "आधी डॉक्टरकडं जा, वजनाचं नंतर बघू." गेले. डॉक्टर मॅडमनी थायरॉइड आणि रक्त तपासायला सांगितलं. थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन 9.8. बायकांचं 12 च्या वर पाहिजे. मी वजन वाढलेलं बघत होते आणि आतून रक्त कमी झालं होतं, दोन्ही एकाच अंगात होऊ शकतं हे मला माहितीच नव्हतं. नंतर वाचलं की 2019 ते 21 च्या सरकारी आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 100 पैकी 57 बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, म्हणजे आमच्या रूमवरच्या तिघींमधल्या दोघी धरा.

मॅडमनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, डाएट वगैरे काही करू नकोस, फक्त 15 दिवस तोंडात जाईल ते सगळं लिहून आण. मी वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले. मेसचं जेवण एका बाजूला आणि मेसच्या बाहेरचं दुसऱ्या बाजूला. आणि खरी गोष्ट तिथं कळली. मेसमध्ये मी 3 चपात्या, भाजी, वरण भात एवढंच खात होते, घरी पण तेवढंच खायचे. दुसरी बाजू मात्र पान भरून खाली गेली होती, 15 दिवसांत 9 वडापाव, 6 कोल्ड कॉफी, 2 रविवारची रात्र (पुण्यात मेसला रविवारी दुपारी फीस्ट म्हणजे खास जेवण आणि रात्री सुट्टी असते, मग सगळ्याजणी मिळून बाहेर, फ्राइड राइस आणि मंच्युरियन ठरलेलं), आणि चहा तर रोज 5 कप. घरी दोनदा घ्यायचे. इथं लेक्चर संपलं की चहा, कोणी भेटलं की चहा, झोप आली की चहा. एका कपात 2 चमचे साखर म्हणजे 10 ग्रॅम धरा, 5 कपांची 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत पाहिजे, जमलं तर 25 च्या. माझी सगळी हद्द नुसत्या चहातच संपत होती, कोल्ड कॉफी तर मी अजून मोजलीच नव्हती.

मॅडमनी मग एक हिशोब मांडून दाखवला तो मला फार पटला. 1 किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी. 6 किलोच्या झाल्या 46,200, आणि त्या 150 दिवसांवर वाटल्या तर रोजच्या साधारण 300. म्हणजे एक वडापाव. रोज पोटभर हादडलं म्हणून नाही, रोज एवढंसं जास्त जात होतं आणि मला ते जेवण वाटतच नव्हतं म्हणून.

पण नुसतं खाणंच नव्हतं. त्या रात्री झोपताना आठवलं की गावाकडं मी औशाला सायकलवर जायचे, जाऊन येऊन 8 किलोमीटर, एका बाजूला चढ. शिवाय पाणी भरणं, जनावरांना वैरण टाकणं, सुट्टीला शेतात जाणं. त्याला आम्ही कधी व्यायाम म्हणलंच नाही. पुण्यात आल्यावर ते सगळं एका दिवसात थांबलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही, 7 मिनिटं चालून जाऊन दिवसभर बेंचवर आणि संध्याकाळी अभ्यासिकेत खुर्चीवर. जवळची रूम मिळाली म्हणून आम्ही आनंद मानला पण माझ्या पायांचं रोजचं काम गेलं होतं.

मग मी ठरवलं की नवीन काही करायचं नाही, घरी जे होतं ते जमेल तेवढं परत आणायचं. पहिली गोष्ट नाष्टा. रात्री एका वाटीत मूठभर काळे हरभरे भिजत घालायचे, सकाळी मीठ लिंबू लावून खायचे, सोबत 2 उकडलेली अंडी, इंडक्शनवर 10 मिनिटांत होतात. एका अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, माझ्या वजनाला दिवसाला 43 ते 45 ग्रॅम लागतं, आणि मेसच्या पातळ वरणावर तेवढं होत नाही हे खरंच आहे. सकाळी हे पोटात गेलं की अकराला वडापावची आठवणच येत नाही, हे मी स्वतः बघितलंय.

मेसच्या काकूंना भीत भीत विचारलं की ज्वारीची भाकरी मिळेल का. त्या म्हणाल्या, "अगं एकटीसाठी तवा कुठं वेगळा ठेवू, पाच सहाजणी जमव मग करते." मराठवाड्याच्या आणि सोलापूरच्या मिळून 8 जणी जमवल्या, आता मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री भाकरी असते आणि त्या दिवशी मुलंसुद्धा भाकरीच मागतात. रात्रीचा खाडा बंद केला. साडेआठला व्यवस्थित जेवते, म्हणून अकराला मॅगी लागत नाही. चहा 2 वर आणला, एक चमचा साखर, आणि जेवणावर लगेच चहा नाही कारण त्याने जेवणातलं लोह अंगाला लागत नाही असं मॅडमनी सांगितलेलं, तासभर थांबायचं. चहा सोडणं सगळ्यात अवघड गेलं, खोटं कशाला बोलू. टपरीवर सगळ्यांबरोबर उभं राहायचं असतं, एकटं रूमवर जाऊन काय करणार. मी जाते, उभी राहते, गप्पा मारते, फक्त कप घेत नाही. पहिले 10 दिवस मैत्रिणी चिडवायच्या, आता कोणी विचारत पण नाही.

आणि पर्वती, पुण्यातली टेकडी. रूमपासून चालत 20 ते 25 मिनिटं. 103 पायऱ्या, वर पेशव्यांच्या काळातलं देऊळ, 1749 चं. जानेवारीत पहिल्यांदा गेले तर मध्ये दोनदा थांबले, आणि माझ्या बाजूने साठीच्या पुढच्या एक काकू, नऊवारी आणि पायात स्पोर्ट शूज, वर जाऊन खाली येऊन परत वर चालल्या होत्या. त्यांनीच सांगितलं, पहिला आठवडा एकदाच चढ, दम लागला की बोलत चढ म्हणजे वेग आपोआप कमी होतो, आणि उतरताना घाई करू नको, गुडघे तिथं जातात. पहिला आठवडा एकदा, मग दोनदा, मार्चपर्यंत 5 वेळा व्हायला लागलं. आठवड्यातून 4 दिवस जायचे. जाऊन येऊन चालणं धरलं तर माझी सायकल मला परत मिळाल्यासारखं झालं, पैसे शून्य.

वजन मात्र हळूहळूच उतरलं. जानेवारीत 58, फेब्रुवारी अखेर 57, एप्रिलमध्ये 55 आणि काही. मध्ये 3 आठवडे काटा हललाच नाही तेव्हा फार रडू आलं होतं, पण त्याच 3 आठवड्यांत पाळी वेळेवर आली आणि डोकं दुखणं थांबलं होतं. मे मध्ये हिमोग्लोबिन 11.9 आलं. रिपोर्टचा फोटो आईला पाठवला.

अमेरिकेत म्हणे पहिल्या वर्षाला कॉलेजात 15 पौंड वाढतात अशी म्हणच आहे, म्हणजे जवळजवळ 7 किलो. प्रत्यक्षात सरासरी त्याच्यापेक्षा बरीच कमी निघाली असंही वाचलं. पण कारणं वाचली तर तीच, घर सुटणं, रात्रीचं जागणं, वेळी अवेळी खाणं.

आत्ता परीक्षा चालू आहे त्यामुळे पर्वती आठवड्यातून दोनदाच होते आणि चहा 3 वर गेलाय. वजन 54. जूनमध्ये रूमवर जालन्याची एक नवीन मुलगी आलीये, परवा तिने विचारलं रात्रीच्या जेवणाला खाडा लावू का म्हणजे वजन वाढणार नाही. तिला माझी ती वही वाचायला दिली, आणि रात्री वाटीऐवजी पातेल्यात हरभरे भिजत घातले.