ब्लोअर घ्यायला गेले आणि बॅटरी घेऊन आले

पानं उडवायचा पहिला ब्लोअर मी खोक्यावरचा हवेच्या वेगाचा आकडा बघून घेतला होता. ताशी २०० मैल. म्हणजे ३२० किलोमीटर. मला वाटलं वा, चक्रीवादळच घरी येतंय. आणला, चार्ज केला, अंगणातल्या पानांच्या ढिगाकडे त्याचं तोंड केलं आणि बटण दाबलं, तर ढिगाच्या मधोमध बरोब्बर मुठीएवढं एक भोक पडलं. बस. बाकीची पानं त्या भोकाभोवती गोल करून बसलेली, तमाशाला आल्यासारखी. नवरा दारात उभा राहून बघत होता, एक अक्षर बोलला नाही, आत गेला, खराटा घेऊन आला आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवला.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले, आणि आता कोणी विचारलं नाही तरी सांगते अशी अवस्था आहे, तेव्हा तुम्हीही ऐका.

ब्लोअरच्या खोक्यावर दोन आकडे असतात, एमपीएच आणि सीएफएम. एमपीएच म्हणजे हवेचा वेग, ताशी मैलात. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा बाहेर पडते ते. आपल्याकडे फुंकणी आणि सूप असायचं ना, तोच फरक. फुंकणीने निखारा फुलतो, पण धान्यातला कोंडा उडवायला सूपच लागतं, फुंकणीने कोंडा उडवायला बसलात तर संध्याकाळ होईल. माझा पहिला ब्लोअर म्हणजे बॅटरीवरची फुंकणी होता. तोंड बारीक केलं की वेग वाढतो, पण हवा तेवढीच किंवा कमीच येते, आणि सुकलेली पानं ढकलत न्यायची तर वेगापेक्षा हवेचा लोट जास्त कामाचा. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला साधारण २८ लिटर हवा, म्हणजे ५०० सीएफएमचा ब्लोअर मिनिटाला १४ हजार लिटर हवा टाकतो, हजार लिटरच्या १४ टाक्या, दर मिनिटाला! असा लोट असला की पानं एका रांगेत पुढे सरकतात, भोक वगैरे पडत नाही.

यात एक गंमत पण आहे. बऱ्याच खोक्यांवर वेगाचा आकडा बारीक नोझल, म्हणजे नळीच्या टोकाचं निमुळतं तोंड, लावून मोजलेला असतो आणि हवेचा आकडा नोझल काढून. दोन्ही आकडे मोठ्ठे, दोन्ही खरे, फक्त एकाच वेळी खरे नाहीत. म्हणून तिसरा आकडा असेल तर तो आधी शोधा, न्यूटन. हवेचा प्रत्यक्ष रेटा किती तो, त्यात वेग आणि लोट दोन्ही धरलेले असतात. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने १ किलो वजनाचा रेटा. हातात धरायच्या कॉर्डलेसमध्ये १० ते २०च्या आसपासचे आकडे दिसतात, मोठ्या मशीनचे त्याच्याही वर. आणि हे लक्षात ठेवा की जेवढा रेटा पानांना तेवढाच उलटा तुमच्या मनगटाला, १८ न्यूटनचं मशीन पूर्ण जोरात चालवलं की कोणीतरी समोरून साधारण १.८ किलोनी सतत मागे ढकलतंय असं वाटतं, दहा मिनिटांनी मनगट बोलायला लागतं.

फरशीवरची किंवा काँक्रीटवरची सुकी पानं असतील तर ३५०-४०० सीएफएम मला पुरेसे वाटले. गवतावर पानं अडकून बसतात, ओलसर असली तर एकमेकांना चिकटून त्यांची गोधडी होते, तिथे ५००च्या पुढचा हवा. अंगण छोटं असताना उगाच राक्षस आणू नका, कुंड्यांमधली माती आणि नुकतं पेरलेलं बी पण तो पानांबरोबर घेऊन जातो.

हे सगळं कळल्यावर मी दुसरा ब्लोअर शोधायला लागले आणि तिथे कळलं की खरा प्रश्न ब्लोअरचा नाहीच, बॅटरीचा आहे. पहिल्यात बॅटरी आतच बसवलेली होती, काढता येत नव्हती, म्हणजे ती म्हातारी झाली की मशीनचं पण संपलं. यापुढे बाहेर न निघणारी बॅटरी घ्यायची नाही हे ठरलं. बाहेर निघणारी घ्यायची म्हटलं तर ती कुठल्या घराण्याची हे बघावं लागतं, कारण एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही आणि कधीकधी एकाच कंपनीच्या दोन कुळांत पण जमत नाही. बॉशचंच बघा, निळ्या मशीनची १८ व्होल्टची बॅटरी आणि हिरव्या मशीनची १८ व्होल्टची बॅटरी, व्होल्ट तेच, कंपनी तीच, पण एकमेकांत बसत नाहीत. तेव्हा ही सोयरीक आहे असं समजून करा. घरात आधीच ड्रिल असेल तर त्याच घराण्यातला ब्लोअर बघा, नुसतं मशीन बॅटरीशिवाय पण मिळतं. मात्र खोक्यावर ब्लोअरच्या फोटोत बॅटरी लावलेली दिसते म्हणून ती आत असेलच असं धरून चालू नका, "आत काय काय आहे" ती ओळ वाचा. मी नाही वाचली. घरी येऊन खोकं उघडलं तर आत मशीन, नळी आणि एक पातळ पुस्तक.

तर मग १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट, हा एक वेगळाच गोंधळ. आत लिथियमचे ५ सेल एका ओळीत असतात, एकेक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, झाले १८. तेच सेल नुकते फुल चार्ज केले की ४.२ वर जातात, म्हणजे २१ होतात, मग कोणी १८ लिहितं आणि कोणी २० मॅक्स. डीवॉल्ट एकच बॅटरी काही देशांत २० मॅक्स म्हणून विकते आणि युरोपात १८ म्हणून. ४० मॅक्स पण असाच, आत ३६च. त्यामुळे २० मोठा की १८ यावर डोकं फोडू नका.

बघायचं काय, तर वॉट-तास. व्होल्टला अँपिअर-अवरनी (बॅटरीवर Ah लिहिलेलं असतं ते) गुणा. १८ गुणिले २ म्हणजे ३६, १८ गुणिले ५ म्हणजे ९०. हे बॅटरीच्या पोटातलं धान्य. आता ब्लोअर पूर्ण जोरात ६०० वॉट खात असेल तर ९० वॉट-तासाची बॅटरी किती मिनिटं पुरेल? ९. हो, नऊच. आणि ड्रिलबरोबर आलेली ती बारकी २ अँपिअर-अवरची लावली तर साडेतीन मिनिटं, आणि खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात एक तास, शेजारी तारा, ताऱ्याचा खुलासा खाली मुंगीच्या अक्षरात की सगळ्यात हळू स्पीडवर.

बारक्या बॅटरीचं अजून एक दुखणं आहे जे मला फार उशिरा कळलं. तिच्यात ५ सेलची एकच ओळ असते, मोठीत तशा दोन किंवा तीन ओळी शेजारी शेजारी. ब्लोअर ड्रिलसारखा थांबत थांबत चालत नाही, तो सलग ओढत राहतो, म्हणजे बारक्या बॅटरीत सगळा भार त्या एका ओळीवर. ती तापते, व्होल्टेज खाली बसतं, आणि तोच ब्लोअर मरतुकडा वाटायला लागतो. मी आधी ड्रिलची बॅटरी लावून बघितली आणि "हा पण फसवा निघाला" म्हणून परत करायला निघाले होते. मग ५ अँपिअर-अवरची वेगळी आणली, लावली, आणि आवाजच बदलला! मशीन तेच. म्हणून म्हणतेय, गेले होते ब्लोअर घ्यायला, खरेदी झाली बॅटरीची.

आता यातली सगळ्यात कामाची गोष्ट, आणि ही खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते. पंख्याचा वेग थोडा कमी केला की वीज थोडी नाही, भरपूर कमी लागते, कारण वीज वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणजे पंखा ८० टक्के वेगाने फिरवला तर वीज लागते साधारण निम्मी, ०.८ तीनदा गुणून बघा, ०.५१ येतं. ७० टक्क्याला तर एक तृतीयांश. म्हणजे ट्रिगर जरासा सैल सोडला की नऊ मिनिटांची अठरा होतात. म्हणून ज्याचा ट्रिगर हळूहळू दाबता येतो, म्हणजे चालू-बंद एवढंच नसतं, असाच घ्या. आणि टर्बोचं बटण म्हणजे लोणच्याची फोड, तेवढ्यापुरती.

चार्जर पण बघा हो. ५ अँपिअर-अवरची बॅटरी २ अँपिअरच्या चार्जरवर टाकली तर अडीच तास गेले. नऊ मिनिटं काम, अडीच तास आराम, असली नोकरी कोणाला नको. बॅटरी गरम असेल तर बरेच चार्जर ती निवेपर्यंत थांबतात, ते बिघडलेत असं समजू नका.

वजनाबद्दल एवढंच की दुकानात बॅटरी लावूनच उचलून बघा, आणि खांद्यापासून हात थोडा पुढे धरून दोन मिनिटं उभ्या राहा, लोक बघतील, बघू दे. मोठी बॅटरी लावली की काही मशीन नाकापेक्षा मोती जड अशी होतात, सगळं वजन मागे आणि नळीचं तोंड आकाशाकडे. मूठ वजनाच्या बरोबर वर असेल तर तीन किलोचं पण चालतं, नसेल तर दोन किलोचं पण छळतं.

हवा ओढायचं जाळीदार तोंड कुठे आहे ते बघा. काहींचं बाजूला, काहींचं मागे. माझ्याच्या मागे आहे, आणि मी सैल शर्ट घालून चालवत होते तर अचानक आवाज वर चढला, शिट्टीसारखा, आणि जोर गेला. मला वाटलं जळलं. मागे वळून बघतेय तर शर्टाचा सोगा जाळीला घट्ट चिकटलेला, पंख्यापर्यंत गेला नव्हता ते नशीब. आता शर्ट खोचून, केस बांधून.

आवाज पेट्रोलवाल्यापेक्षा कमी असतो हे खरं, त्या टू-स्ट्रोकची घरघर चार घरं पलीकडे जाते, आणि कॅलिफोर्नियानं तर २०२४ पासून असली नवी छोटी पेट्रोल इंजिनं बंदच करायला घेतली. पण कॉर्डलेस म्हणजे शांत असं नाही. खोक्यावरचे डेसिबल बऱ्याचदा ५० फुटांवरून मोजलेले असतात, तुमचा कान ५० फुटांवर नसतो. ८५ डेसिबल दिवसात ८ तास चालतात असं धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९४ला फक्त एक तास. कानात बोळे घाला. डोळ्याला चष्मा तर हवाच, धूळ असेल तर मास्क पण.

चालवायची पण एक रीत आहे. दव वाळू द्या, वारा पाठीवर घ्या, भिंतीच्या कोपऱ्यातून सुरू करून मोकळ्याकडे जा. नळी जमिनीला जवळजवळ समांतर, उभी धरली तर पानं चहूकडे उडतात. झाडू मारल्यासारखं डावीकडे उजवीकडे करत हळू चाला. पुढे एक जुनी चादर पसरून ठेवायची, पानं तिच्यावर ढकलायची आणि चार टोकं धरून फरफटत न्यायची, खताच्या खड्ड्याकडे. झुडपांच्या बुडाशी गेलेली पानं मी काढत नाही, राहू देत, माती ओली राहते. खडी असेल तिथे मात्र अगदी हळू स्पीड. एक खडा उडून शेजारच्या काकांच्या खिडकीवर टण्णकन बसला होता, काच वाचली, पण काका बाहेर आले आणि "अगं, बंदूक आणलीस की काय" म्हणाले, मी ब्लोअर पाठीमागे लपवला, तो चालूच होता, माझ्याच पाठीमागची सगळी पानं परत अंगणभर.

पहिला ब्लोअर टाकला नाही बरं का. खिडक्यांच्या खाचांमधली धूळ, दाराच्या रुळातली वाळू, जाळीत अडकलेले किडे, तिथे त्या फुंकणीला तोड नाही. आता तो सारखा नवऱ्याच्याच हातात असतो, आणि खराटा गेले दोन महिने कुठे आहे ते आम्हाला दोघांनाही सापडत नाहीये.