टेलविंडच्या सूचना दिसत नाहीत? आधी मूळ फाइल तपासा

टेलविंड म्हणजे तयार क्लास वापरून वेबपेज सजवायचं सीएसएस फ्रेमवर्क. व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये त्याचं एक्स्टेंशन (जोड-प्रोग्रॅम) टाकणं मिनिटभराचं काम. 'टेलविंड सीएसएस इंटेलिसेन्स' शोधायचं, प्रकाशक 'टेलविंड लॅब्ज' आहे याची खात्री करायची आणि इन्स्टॉल करायचं. तरीही क्लास लिहिताना सूचनांची यादी उघडत नसेल, तर बहुतेक वेळा प्रोजेक्टमध्ये टेलविंड आहे हे एक्स्टेंशनला कळलेलंच नसतं.

एक्स्टेंशन ते कशावरून ओळखतं, हे टेलविंडच्या आवृत्तीवर ठरतं. आवृत्ती ३ असेल तर एक्स्टेंशन टेलविंडची कॉन्फिग फाइल (रंग वगैरे ठरवायची फाइल) शोधतं. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आवृत्ती ४ ला ती लागत नाही. तिथे एखाद्या सीएसएस फाइलमध्ये टेलविंडचं '@इम्पोर्ट' असावं लागतं; हीच मूळ सीएसएस फाइल. ३ वरून ४ वर जाताना नेमकी इथेच गफलत होते. जुनी कॉन्फिग फाइल जागेवर असते, पण ४ ती आपणहून वाचत नाही, म्हणून तुम्ही ठरवलेले रंग यादीतून गायब होतात. सीएसएसमध्ये '@कॉन्फिग' लिहून तिचा पत्ता द्या. त्याहून चांगलं म्हणजे तिच्यातली मूल्यं सीएसएसमधल्याच '@थीम'मध्ये हलवा. मूळ सीएसएस फाइल तरीही सापडत नसेल, तर 'एक्सपेरिमेंटल: कॉन्फिग फाइल' या सेटिंगमध्ये तिचा पत्ता थेट लिहिता येतो. सुटी फाइल मात्र उघडू नका, प्रोजेक्टचं मूळ फोल्डरच उघडा.

नेमकं कुठे अडलंय ते कमांड पॅलेटमधल्या (व्हीएस कोडमधल्या आज्ञांच्या यादीतल्या) 'टेलविंड सीएसएस: शो आउटपुट'मध्ये दिसतं. अंदाजाने सेटिंग्ज बदलत बसण्याआधी ते वाचा.

दोन सेटिंग्ज मात्र प्रत्येक प्रोजेक्टमध्ये कराव्यात. 'एडिटर: क्विक सजेशन्स'मध्ये 'स्ट्रिंग्ज' मुळात बंद असतं, ते चालू करा; क्लासची नावं अवतरणचिन्हांत असतात, म्हणून हे लागतं. 'फाइल्स: असोसिएशन्स'मध्ये सीएसएस फाइल्स 'टेलविंडसीएसएस' या भाषेला जोडा, म्हणजे '@अप्लाय' (सीएसएसमध्ये टेलविंडचे क्लास वापरायची आज्ञा) याखाली येणारी 'अननोन ॲट रूल' ही सूचना थांबते. क्लासची नावं जोडणाऱ्या 'सीएलएसएक्स'सारख्या फंक्शनच्या आत यादी हवी असेल, तर त्याचं नाव 'क्लास फंक्शन्स' या सेटिंगमध्ये घाला.

एकाच घटकावर 'पी-२' आणि 'पी-४' हे पॅडिंगचे (आतल्या मोकळ्या जागेचे) दोन क्लास लिहिले की एक्स्टेंशनची इशाऱ्याची पिवळी रेघ येते. ती बंद करू नका. कोणतं पॅडिंग लागू होईल हे क्लास लिहिण्याच्या क्रमावर नाही, तर तयार झालेल्या सीएसएसमधल्या क्रमावर ठरतं.