दोन जीबीच्या कार्डासाठी पंधरा दिवस

कॅमेरा मला अर्ध्या तासात मिळाला आणि त्याचं कार्ड मिळायला पंधरा दिवस लागले. ट्रेक होऊन गेला तरी ते पंधरा दिवस आठवले की अजून डोकं तापतं.

डिसेंबरात चार दिवसांचा बेत होता. रतनवाडीतून रतनगड, मग कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. मागच्या खेपेला दुसऱ्याच दिवशी फोनने मान टाकली होती, आणि वाटेचा ट्रॅकही त्याच फोनमध्ये. म्हणून यंदा फोन फक्त वाटेसाठी ठेवायचा आणि फोटोला वेगळा कॅमेरा घ्यायचा असं ठरवलं. अटी दोनच होत्या: दरीत पडला तरी रडू येऊ नये, आणि साध्या पेन्सिल सेलवर चालावा. कंपनीच्या खास बॅटरीवाला जुना कॅमेरा घेतला की बॅटरी फुगलेली निघते, नवी मिळत नाही, आणि मिळालीच तरी डोंगरात प्लग कुठून आणणार?

शनिवारी फोर्टमधल्या बोरा बाजारात गेलो. एका चिंचोळ्या दुकानात काचेखाली वीसेक जुने कॅमेरे मांडलेले होते. त्यातला 2005 च्या सुमाराचा, 5 मेगापिक्सेलचा एक आवडला. झूम तीन पट, आणि वर डोळा लावून बघायची छोटी खिडकी. ही खिडकी असलेलाच घ्या. उन्हात मागचा स्क्रीन दिसत नाही, आणि स्क्रीन बंद ठेवला की सेलही पुष्कळ टिकतात. मेगापिक्सेलचं मनावर घेऊ नका. पाचमध्ये 8 बाय 6 इंचाचा फोटो छान छापून येतो. 2,200 सांगितले, मी 1,500 दिले. वर ‘कार्ड आपल्याकडून फ्री, साहेब’ म्हणत त्याने 64 जीबीचं कोरं कार्ड हातावर ठेवलं. मी खूश!

घरी येऊन कार्ड घातलं. स्क्रीनवर ‘मेमरी कार्ड एरर’.

सोमवारी दुकानात फोन केला. ‘फॉरमॅट मारा.’ कॅमेऱ्याला कार्डच दिसत नव्हतं, तो फॉरमॅट काय करणार? कॉम्प्युटरवर केलं, तरी तेच. परत फोन. ‘दुसरं घालून बघा.’ ऑफिसातून लवकर निघून 32 जीबीचं विकत घेतलं. एरर. मग माझाच कॅमेरा खराब निघाला असं वाटून पुढच्या शनिवारी पुन्हा फोर्टात. त्याने ड्रॉवरमधून स्वतःचं कार्ड काढलं, कॅमेऱ्यात घातलं, खटकन फोटो काढून दाखवला. ‘बघा, कॅमेरा ओके आहे.’ पहिल्या दिवशीही त्याने हेच केलं होतं. या वेळी मी ते कार्ड हातात घेऊन वाचलं: 1 जीबी. म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं! ते कार्ड विकत मागितलं तर म्हणे, ‘ते टेस्टिंगचं आहे, ते नाही देता येणार.’

झालं होतं ते असं. साधं एसडी कार्ड 2 जीबीपर्यंतचं. त्यापुढे 32 जीबीपर्यंत एसडीएचसी, ते 2006 मध्ये आलं; त्याच्याही वरचं एसडीएक्ससी, ते 2009 चं. तिन्ही दिसायला सारखी, खाचेत बसतातही सारखी, पण 2006 च्या आधीच्या कॅमेऱ्याला पुढची दोन वाचताच येत नाहीत. तेव्हा कॅमेरा घेताना स्वतःचं कार्ड बरोबर न्या आणि दुकानातच त्यावर फोटो काढून बघा.

मग 2 जीबीचा शोध. ठाण्यात स्टेशनजवळच्या चार दुकानांत विचारलं. एकाने तर शेजारच्याला हाक मारून सांगितलं, ‘अरे, यांना दोन जीबी पाहिजे!’ दोघे मनसोक्त हसले. ऑनलाइन एक सापडलं, ते यायची तारीख ट्रेकच्या नंतरची.

सुटका केली आत्याने. तिच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये नखाएवढं 2 जीबीचं कार्ड होतं, अभंगांनी भरलेलं. ‘तुझ्या त्या डबड्यापायी माझे अभंग पुसशील तर बघ,’ असा दम देऊनच तिने ते काढू दिलं. अभंग कॉम्प्युटरवर उतरवून घेतले आणि कार्ड अडॅप्टरमध्ये घालून कॅमेऱ्यात सरकवलं. ‘कार्ड लॉक्ड.’ माझा रक्तदाब कुठवर गेला असेल ते विचारू नका. अडॅप्टरच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो वर सरकवला आणि स्क्रीनवर आकडा आला: 742 फोटो. चार दिवसांना उरून पुरतील एवढे.

ट्रेक उत्तम झाला. सेलचं मात्र सांगायला हवं. कुमशेतला हौस म्हणून दुकानातले स्वस्तातले सेल घालून पाहिले, सात-आठ फोटोंत संपले. असे सेल भिंतीवरच्या घड्याळाला ठीक. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे दोन जोड घरूनच भरून न्या आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये जवळ घेऊन झोपा, थंडीत सेल लवकर दम टाकतात. आणि हो, विकत घेताना सेलचा कप्पा उघडून आत पांढरी-हिरवी पूड साचलीय का ते बघा. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीचे धागेही शोधा. मुंबईच्या दमट हवेत ती हमखास धरते.

एक गोष्ट मी तपासली नव्हती. तारीख लक्षात ठेवायला आत बटणाएवढा वेगळा सेल असतो, तो माझ्या कॅमेऱ्यात कधीच मेलेला होता. त्यामुळे मोठे सेल बदलले की तारीख मूळपदावर. रतनगडाचं नेढं, अमृतेश्वराचं देऊळ, कोकणकड्यावरचा सूर्यास्त, सगळं 1 जानेवारी 2005 ला, एकाच दिवशी.