खानापुरात भेटलेलं फाओ

कोगनोळीचा नाका ओलांडला की पाट्या कन्नड होतात, गप्पा मात्र मराठीतच चालू राहतात. निपाणीला चहा, पुढे तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी आणि बेळगाव. रस्त्याबद्दल एवढं पुरे. ऊस हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखाच.

बेळगावच्या कॅम्पात मराठा रेजिमेंटचं सेंटर आहे. 1922 साली जुन्या मराठा पलटणी एकत्र करून 5वी मराठा लाइट इन्फंट्री उभी राहिली, तेव्हापासून या गावाचं आणि रंगरुटांचं नातं पक्कं झालं. मला मात्र त्याच्याही आधीच्या एका पलटणीचा माग काढायचा होता. ती म्हणजे 117वी मराठा. समुद्रातून शत्रूच्या किनाऱ्यावर उतरायचं म्हटलं की आपल्याला 1944चं नॉर्मंडीच आठवतं. त्याच्या तीस वर्षं आधी, पहिल्या महायुद्धात, इराणच्या आखातात जी पहिली ब्रिगेड उतरली, तिच्यात ही पलटण होती, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

ओळखीतून खानापूर तालुक्यातल्या एका घरी गेलो. "या की, बसा. कुठनं आलासा?" म्हणत काकांनी आधी पाणी दिलं, मग कपाटातून ब्राँझचा तारा काढला. पुढे दोन आडव्या तलवारी आणि 1914-15. मागे नंबर, नाव, पलटण. पदक त्यांच्या आज्याचं.

"आजा काय सांगायचा?"

"लढाईचं काय नाही बघा. बोटीतल्या वांत्या आणि चिखल. बास!"

सुरुवातीला मी जरा खट्टू झालो. मग वाचलेलं आठवलं, तेव्हा कळलं की आज्याने नेमकं तेच सांगितलं होतं. ब्रिगेड 16 ऑक्टोबर 1914 ला मुंबईहून निघाली आणि 23 तारखेला बहारीनला पोचली. तुर्कस्तानशी युद्ध अजून जाहीर झालं नव्हतं, म्हणून माणसं आणि जनावरं उकाड्यात बोटींवरच अडकली. युद्ध जाहीर झालं आणि 6 नोव्हेंबरला शत-अल-अरब नदीच्या मुखाशी, फाओला फौज उतरली. ओडिन नावाच्या लढाऊ जहाजाने किल्ल्यावरच्या तोफा आधीच गप्प केल्या होत्या, त्यामुळे किनाऱ्यावर मोठा प्रतिकार झाला नाही. फाओला तारायंत्राचं ठाणं होतं आणि नदीने वर गेलं की अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना. इंग्रजांचा खरा जीव त्या तेलात.

पुढे नदीकाठच्या सानियाला पुन्हा उतरणं. तिथे ना धक्का, ना क्रेन. लहान होड्यांतून माणसं, खेचरं, दारूगोळा सगळं मऊ गाळाच्या काठावर चढवायचं. मला वाटतं, पहिल्या लाटेतल्या शिपायाचा अनुभव बहुतेक असाच असतो: गोळीची वाट बघत केलेली हमाली. गोळी आली ती 17 नोव्हेंबरला, साहिलच्या लढाईत. मुसळधार पावसाने मैदानाची दलदल झालेली, आडोसा नाही, आणि समोर तुर्की खंदक. घाटमाथ्यावरच्या मातीत वाढलेल्या पोरांना चिखल नवा नव्हता, पण नांगरामागे चालणं वेगळं आणि गोळीबारात पाय उपसत पुढे सरकणं वेगळं. 22 तारखेला बसरा हाती आलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. यश सोपं मिळालं म्हणून वरच्या अधिकाऱ्यांची भूक वाढली, बगदाद खुणावू लागलं आणि मराठा पलटणी बगदादच्या वाटेवरच्या कुत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. घोड्याचं मांस खायला कितीतरी हिंदी शिपाई बरेच दिवस तयार नव्हते. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली आणि कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. आजा त्याआधीच जखमी होऊन परत आला होता, असं काकांनी सांगितलं. त्यावर मी अधिक विचारलं नाही.

बाहेर त्यांचा नातू बूट काढत होता. अग्निवीर भरतीसाठी 1.6 किलोमीटरचा सराव करतो.

"खापरपणज्याला पवायला येत होतं काय हो?" त्याने विचारलं.

"मलप्रभेत वाढलेला तो!" काका म्हणाले.

नातवाला हे पटलं. मला नाही. खांद्याला रायफल, अंगावर काडतुसं आणि पायात ओले बूट घेऊन होडीतून उतरणाऱ्याला पोहण्याचा काय उपयोग? पण काकांच्या घरात बसून आज्याचं पोहणं काढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. पदकावरचा नंबर तेवढा वहीत उतरवून घेतला.