आईचे अठ्ठेचाळीस

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आईचा किडनीचा दुसरा रिपोर्ट आला आज. पहिला पाडव्याच्या आठवड्यातला, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, १.२, आणि तेव्हा मीच म्हटलेलं की सोड गं, माझंही मागे तेवढंच आलेलं. पण डॉक्टरांनी फॉर्म्युल्यात घालून दाखवलं, ६८ वर्षांच्या बाईला १.२ म्हणजे ईजीएफआर, किडनी किती गाळते त्याचा अंदाज, ४९, आणि चौतिशीतल्या माझं तेच १.२ म्हणजे ८१. क्रिएटिनिन बनतं स्नायूंतून, आणि आईच्या अंगावर मांस आहेच किती!

तरी त्या दिवशी त्यांनी कागदावर सीकेडी, म्हणजे क्रॉनिक, जुनाट किडनीचा आजार, असं लिहिलं नाही. जुलाब झाले, पाणी कमी पडलं तरी आकडा घसरतो म्हणे, तीन महिने टिकला तरच क्रॉनिक म्हणायचं. मग काय, अख्खा उन्हाळा वाट बघण्यात गेला.

काल सकाळी पहिल्या लघवीची डबी पेपरात गुंडाळून डिकीत ठेवली आणि टिळक रोडला लॅबमध्ये दिली, प्रत्येक स्पीडब्रेकरला जीव वरखाली. आता ईजीएफआर ४८. लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिनचा, म्हणजे प्रोटीनचा, क्रिएटिनिनशी रेशो ८६, मागच्या वेळीही सत्तरच्या वरच होता. म्हणजे ईजीएफआरवरून स्टेज जी३ए, लघवीवरून वर्ग ए२. गाडीचा नंबर वाटतो.

आईने फक्त तिसरी स्टेज एवढंच ऐकलं. "तिसरी म्हणजे एकच उरली का रे?" तिला कॅन्सरच्याच स्टेज माहीत. मी कागदावर लिहून दाखवलं, ४५ ते ५९ तीन-ए, ३० ते ४४ तीन-बी, मग चौथी, १५ च्या खाली पाचवी, तू अजून तिसरीच्या वरच्या अर्ध्यात आहेस. आणि ६० च्या वर असूनही लघवीत प्रोटीन जात राहिलं तर तोही किडनीचा आजारच, पहिली नाहीतर दुसरी स्टेज, हे मला स्वतःलाच आज कळलं. २०१२ च्या गाइडलाइनपासून लघवीचा वर्गही सोबत लिहितात, कारण ४८ तेच असलं तरी प्रोटीन जास्त जाणाऱ्याला धोका जास्त.

बीपीची गोळी चालू, मीठ कमी, आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणते ती दुखण्याची गोळी किडनीला बाधते, ती बंद म्हणजे बंद. आई मान हलवत होती.

आत्ता तिच्या पर्समध्ये चष्मा शोधताना त्याच गोळीची पट्टी सापडली, दोन कमी. विचारलं तर म्हणते, "उद्या पालखी आहे, वारकऱ्यांना चहा द्यायला उभं राहायचं असतं रे."