भिडस्त माणसांसोबतची आमची वाटचाल

आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं घरी आणि मित्रांत भरभरून बोलतात. आठ-दहा जण गोल करून बसले आणि सगळ्यांच्या नजरा वळल्या, की मात्र त्यांचा घसा कोरडा पडतो. मनात जुळवलेलं वाक्य मनातच राहतं, आणि थोड्या वेळानं तेच दुसरं कुणीतरी बोलून जातं. अशा माणसांची भीड चेपावी म्हणून आम्ही तिघांनी नोकऱ्या सोडून कार्यशाळांचा हा छोटा व्यवसाय सुरू केला. एक जण समुपदेशक, एक रंगकर्मी, आणि मी प्रशिक्षण विभागातली.

वक्तृत्वाचे वर्ग तेव्हाही पुष्कळ होते. ताठ उभे राहा, आवाज चढवा, नजरेला नजर द्या. ज्याला बोलायची हौस आहे त्याला हे उपयोगी पडतं. पण जो आधीच स्वतःला न्याहाळून हैराण झालाय, त्याला स्वतःच्या हातांकडे आणि आवाजाकडे आणखी लक्ष द्यायला लावलं तर तो जास्तच आक्रसतो. म्हणून आम्ही नाटकातल्या खेळांकडे वळलो. विसाव्या शतकात शिकागोत नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी हे खेळ घडवले. खेळणाऱ्याला असं काम द्यायचं की स्वतःकडे बघायला त्याला फुरसतच उरू नये, हा त्यांचा गाभा.

आरशाचा खेळ आम्ही आजही पहिल्याच सत्रात घेतो. दोघं समोरासमोर उभे राहतात. एक सावकाश हात हलवतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब होतो. मग अदलाबदल. शेवटी सांगतो, आता कुणीच पुढारी नाही. छातीशी वही धरून आलेले एक गृहस्थ या खेळासाठी ती खाली ठेवून उभे राहिले. खेळ संपल्यावर कुणी विचारलंही नव्हतं, तरी जोडीदाराला म्हणाले, “तुमचा हात थांबायच्या आधी तुमचा श्वास थांबतो.” सगळा गट ऐकत होता. ते पुढे बोलतच राहिले.

खेळांच्या जोडीला आम्ही एक प्रयोगही सांगतो. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टीशर्ट घालून इतरांसमोर पाठवलं होतं. निम्म्या लोकांच्या ते लक्षात आलं असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच आलं. हे ऐकून खांदे सैल पडतात, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलंय.

धंद्याच्या दृष्टीनं सुरुवातीची वर्षं ओढाताणीची गेली. सभागृहभर लोकांना दोन तासांत ‘मोकळं’ करून द्या, अशा मागण्या यायच्या, अजूनही येतात. पैसा त्यातच जास्त असतो, पण आम्ही नाही म्हणतो. बारापेक्षा मोठ्या गटात भीड चेपत नाही. साहेब आणि त्यांच्या हाताखालचे एका गटात घेत नाही. ‘मी आत्ता नाही’ म्हणायची मुभा प्रत्येकाला असते, आणि ती मुभा खरी आहे अशी खात्री पटली की माणसं ती फारशी वापरत नाहीत. ज्यांची भीती कामावर जाणंसुद्धा अडवते, त्यांना आम्ही कार्यशाळा विकत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. सामाजिक भयावर चांगले उपचार आहेत.

अलीकडे कंपन्यांना आम्ही वेगळंच काम सुचवतो: माणसांआधी बैठक बदला. प्रत्येकानं आपलं म्हणणं आधी कागदावर लिहायचं, मग दोघा-दोघांत बोलायचं, मग सगळ्यांसमोर मांडायचं. एक बोलत असताना बाकीच्यांच्या कल्पना अडून राहतात, हे मानसशास्त्रज्ञ मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्येच प्रयोगांनी दाखवलंय. या बदलाला खर्च जवळपास नाहीच, तरी ज्येष्ठांना तो पचायला वेळ लागतो. आधी बोलायची त्यांना सवय असते. आता आम्ही ज्येष्ठांसाठी वेगळं सत्र ठेवतो. त्यात ते फक्त शेवटी बोलण्याचा सराव करतात.