झुईच्या कापडावरचे ठिपके

झुई-आँ-जोझास हे पॅरिसच्या नैऋत्येला, व्हर्सायला लागून असलेलं छोटं उपनगर. बिएव्र नावाची लहानशी नदी गावातून वाहते. दुभाषी म्हणून मी राजस्थानातल्या बगरू गावच्या एका वयस्कर छपाई कारागिरांना, बाबूजींना, तिथलं कापडाचं संग्रहालय दाखवायला घेऊन गेले होते.

जाताना त्यांना इतिहास सांगितला. हिंदुस्थानी छापील सुती कापडाचं फ्रान्सला असं वेड लागलं की रेशीम-लोकरवाले हवालदिल झाले आणि १६८६ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. ती उठली १७५९ मध्ये. पुढच्याच वर्षी विशीतल्या ओबरकांफ या जर्मन तरुणाने झुईत छपाई सुरू केली. नदीचं पाणी होतं, कापड वाळवायला कुरणं होती. १७८३ मध्ये त्याच्या कारखान्याला राजमान्यता मिळाली, १८४३ मध्ये तो बंद पडला.

झुईची जगभर ओळख आहे ती तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या एकरंगी चित्रांची. बाबूजी त्यांच्यासमोर फार रेंगाळले नाहीत. ते थांबले ठशांनी छापलेल्या रंगीत फुलांपाशी. काचेला नाक लावून म्हणाले, "बेटी, हे ठिपके बघ."

फुलांच्या मधोमध बारीक ठिपके होते. ठशाच्या कोपऱ्यांवरच्या खिळ्यांचे. पुढचा ठसा नेमका कुठे बसवायचा, ते त्यांच्यावरून कळतं. मग बाबूजी ते कापड वाचूच लागले. काळी रेघ लोखंडाच्या पाण्याची, लाल तुरटीची, गुलाबी पातळ तुरटीची. सगळं उमटलं ते मंजिष्ठाच्या, म्हणजे रंग देणाऱ्या मुळीच्या, एकाच कढईत. "निळा मात्र ठशाचा नाही. हाताने भरलाय, इथे रेघेबाहेर गेलाय."

मी भाषांतर करत होते आणि संग्रहालयातल्या बाई हातातली वही उघडत होत्या. निळा रंग बायका कुंचल्याने भरत, हे त्यांनी सांगितलं. ठसा मारल्यावर कापड शेणाच्या पाण्यातून काढत, हे सांगताना त्या जरा बिचकल्या. बाबूजींचा चेहरा उजळला. शेण कशाला, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

कारखान्यातली कामं दाखवणारं १७८३ चं एक कापड तिथे आहे. त्यात ठसा मारणाऱ्याच्या शेजारी रंग पसरून देणारं पोर आहे. "मी सुरुवात हीच केली," बाबूजी म्हणाले. त्यानंतर बराच वेळ ते बोलले नाहीत.

मला राहून राहून केर्दू या जेझुइट पाद्र्याची आठवण येत होती. त्याने १७४२ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरून पत्र लिहून ही सगळी कृती फ्रान्सला कळवली. तिथल्या कारागिरांकडून शिकून. पत्र केर्दूच्या नावाने प्रसिद्ध आहे. ओबरकांफच्या नावाचं तर पॅरिसमध्ये मेट्रो स्टेशन आहे. ज्यांनी कृती सांगितली, त्यांची नावं आज कोण घेतं? हे मला मनापासून लागतं.

म्हणून निघताना मी बाईंना विनंती केली की आज टिपलेल्या माहितीखाली सांगणाऱ्याचं नाव असावं. त्यांनी लगेच वही पुढे केली. बाबूजींनी देवनागरीत सही केली, खाली गावाचं नाव लिहिलं, आणि मला म्हणाले, "यांना सांग, या फुलाचे ठसे पाच असणार. पेटीत चारच ठेवलेत, पाचवा शोधा."